आयर्लंडात आईसाठी बसलेली माणसं

मी मूळची गंगापूरची, आता मुकुंदवाडीत राहते. काय सांगू तुम्हाला, मला फारसं बोलायची सवय नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयर्लंडमधल्या एका खेड्यात, वृद्धाश्रमात, मी अकरा वर्षं नर्स होते. गाव म्हणजे पंचवीस-तीस घरं, एक चर्च, एक दुकान आणि चहूकडं ओलं हिरवं रान, बास.

तिथली रीत अशी, की माणूस गेलं की दफन होईपर्यंत त्याला घरातच ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि सगळ्या गावानं येऊन बसायचं, खायचं, गेलेल्याच्या गोष्टी काढून हसायचंसुद्धा. माझ्या शेजारच्या नोराचा नवरा गेला तेव्हा मी गेले, पण दारातच हात जोडून उभी राहिले. तिनं चहा-केक पुढं केला तर नको म्हणाले, आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. आपल्यात मयताच्या घरी कुठं काही खातात? नोराला लागलं असणार.

मग आई गेली. धाकट्या भावाचा, दिगंबरचा, फोन आला, की ताई, तू पोचेपर्यंत थांबता यायचं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कामावर गेले. नोरानं चेहऱ्यावरून ओळखलं, खोदून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं तर नोरा, मागं अख्खं गाव, हातांत झाकलेली ताटं. आईचा फोटो तिनं खुर्चीवर ठेवायला लावला, सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाली,

"नाव काय तिचं? आता सांग, कशी होती ती?"

शेवंता, म्हटलं. एकेकानं माझा हात हातात घेऊन ते नाव घेतलं. मग मी सांगतच सुटले, एस्टीत आईच्या पिशवीतून कोंबडी सुटली, साऱ्या गाडीत फडफडली, आणि आईनं कंडक्टरलाच दटावलं, की गाडी हळू हाकायला काय होतं तुम्हाला. लई हसले सगळे, मीही हसले, हसता हसता रडले, आणि सुतकात नोराच्या हातचा केक खाल्ला.

दिगंबरला हे सांगितलं तर वर्षभर बोलला नाही. आई इथं सरणावर आणि तू तिकडं केक खात हसत होतीस, म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं, सगळं त्यानं एकट्यानं निभावलं होतं.

आता निवृत्त होऊन आले. इथं आईचा विषय काढला की लोक म्हणतात, जाऊ द्या, वय झालं होतं त्यांचं. मग ते गाव आठवून जीव तुटतो. नोरा अजून फोनवर विचारते, शेवंताची आणखी एखादी गोष्ट आहे का. माझ्याजवळच्या संपत आल्या, म्हणून परवा भीत भीत दिगंबरला विचारलं, तुला काही आठवतं का रे? तर एकामागून एक सांगायला लागला. शेवटी म्हणाला, ताई, लिहून घे, नाहीतर तुझ्या नोराला अर्धवट सांगशील.

सुखी राहोत ती माणसं.