पोट सुटलेला घोडा

ताई: उजव्या खांद्याची शिवण या महिन्यात तिसऱ्यांदा उसवलीय. आणि डाव्या गुडघ्याचं कापड बघा, कोरं, जणू आज ताग्यातून कापलंय. अहो, तुम्ही घोडा चालवता की लंगडी घालता?

दाजी: दोरा कच्चा असेल.

ताई: दोरा मी आणलाय. एकोणीस वर्षं तुम्ही नाटकातल्या या घोड्याचे पुढचे पाय आहात, आणि तेवढीच वर्षं मी त्याला शिवतेय. नवरा थाप मारतो, कापड नाही मारत. गुंड्या, तू मागचे पाय. तू सांग.

गुंड्या: मला आतून फक्त दाजींचा कमरपट्टा दिसतो, ताई. त्याबद्दल काय ते विचार.

ताई: तेच विचारते. पट्टा एवढा का ताणलाय?

गुंड्या: दाजी, सांगू?

दाजी: मेहुणा आहेस की खबऱ्या?

गुंड्या: तिचा भाऊ आधी झालो. ताई, डावा गुडघा गेलाय त्यांचा. दुसऱ्या अंकात टपाल घेऊन टेकडी चढायची असते ना, तेव्हा मी मागून पट्ट्याला धरून उचलतो त्यांना. उन्हाळ्यापासून.

ताई: उन्हाळ्यापासून. आणि घरी मला सांगतात, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढायचा छंद लागलाय.

दाजी: बावीस आहेत.

गुंड्या: आपल्या संस्थेच्या बाईंच्याही लक्षात आलंय, दाजी. काल तालमीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घोडा लंगडतो, टेकडी चढेल असं पोरांना वाटत नाही. शनिवारच्या प्रयोगाला तुमच्या जागी तो व्यायामशाळेवाला. तुम्हाला तिकिटांच्या खिडकीत बसवणार आहेत. खुर्ची आहे म्हणाल्या, पंखासुद्धा आहे. तुम्हाला सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

दाजी: पंखा.

ताई: बसायचंय तुम्हाला तिथे?

दाजी: त्यांची संस्था, त्यांचं नाटक.

ताई: बाईंचं नाही विचारलं मी.

दाजी: खिडकीतून पोरांचे नुसते हात दिसतात गं. मूठ उघडते, पैसे ठेवते, तिकीट घेते, गेली. घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून त्यांचे डोळे दिसतात. नाही. नाही बसायचं मला.

ताई: मग ती मोठी कात्री द्या इकडे. गुडघा मला शिवता येत नाही, घोडा येतो.

दाजी: अगं, पाठ कशाला फाडतेस?

ताई: उसवतेय. तरणा घोडा म्हणजे आत गच्च भरलेला, पाठ सरळ, मान ताठ. ती ताठ मान तोलायला तुमचा गुडघा खर्ची पडतो. पाठीतला निम्मा फोम काढला की ती मधे खचेल. मानेच्या खालून दोन कळ्या, ते तिकोनी तुकडे, काढले की मुंडकं आपसूक खाली झुकेल, तुम्हाला उचलून धरायला नको. आणि पोटाचं कापड उरेब कापायचं. तिरकं कापलेलं कापड लोंबतं. त्यात कापूस फक्त तळाला, वर पोकळ. झाला म्हातारा. मग तो लंगडला तर लंगडला, वय झालंय त्याचं.

दाजी: म्हातारा घोडा? सगळे हसतील. आणि हे सगळं तू माझ्यावरून बेतते आहेस.

ताई: मग माप कुणाचं घेऊ? घरात एवढंच आहे.

गुंड्या: पोट तर अगदी हुबेहूब येणार.

दाजी: तू गप रे. मला कुणाची दया नकोय.

ताई: दया करायची असती तर पंख्याखाली बसा म्हटलं असतं. हे चार दिवसांचं काम आहे, माझी बोटं सोलून निघणार आहेत. दया एवढी महाग नसते.

गुंड्या: दाजी, काल त्या व्यायामशाळेवाल्याबरोबर तालीम करून पाहिली मी. उड्या झकास मारतो. पण थांबणार कधी ते मला कळतच नाही. तुम्ही पाऊल टाकण्याआधी श्वास सोडता, त्यावर मी चालतो. त्याचा श्वास ऐकूच येत नाही. घोडा कुठला, एका चादरीत दोन माणसं होती नुसती.

दाजी: शेपूट तरी झुपकेदार ठेव.

ताई: विरळ करणार आहे.

(शुक्रवार, तालमीची खोली. कोपऱ्यात नाटकातली लाकडी टेकडी. दोघं घोड्यात शिरलेत, पाठीवर टपालाची पिशवी; ताई बाहेर उभी.)

दाजी: नाकात कापूस जातोय. आणि खाली काहीतरी हलतंय.

ताई: पोट आहे ते. तुमच्या मागून अर्ध्या पावलानं येतं. येऊ द्या त्याला. असे ताठ चाललात तर सोफा चालल्यासारखा दिसतो.

दाजी: ताठ नाही चाललो तर लंगडतो.

ताई: दुखतं तिथे दुखू द्या. एवढे दिवस लपवलंत, आज नका लपवू.

गुंड्या: पट्टा सोडू का, दाजी?

दाजी: सोड. पडलो तर माझ्यावर पडू नकोस.

गुंड्या: ताई? आहेस ना तिथे?

ताई: बघतेय.

दाजी: वाईट दिसतंय का?

ताई: भिंतीपर्यंत जा आणि परत या. मध्ये दम लागला तर थांबा.

गुंड्या: थांबलो. आता पोट थांबेना.

ताई: झुलू दे त्याला. अहो, बाई आल्यात. दारात उभ्या आहेत.

दाजी: केव्हापासून?

ताई: भिंतीकडे गेलात तेव्हापासून. चष्मा पुसला त्यांनी मघाशी. आता आत येताहेत.

दाजी: चेहरा कसा आहे? माझं मुंडकं खाली आहे, मला त्यांच्या चपलाच दिसताहेत.

ताई: चेहऱ्यावरून काही कळत नाही. अहो, हलू नका. पाठीवर हात ठेवलाय त्यांनी, खचलेल्या जागी.

गुंड्या: मला जाणवतंय. ताई, वरचं ओझं हलकं झालं. काय केलं त्यांनी?

दाजी: पिशवी काढली की काय?

ताई: हो. तुमच्या पाठीवरून उतरवून आपल्या खांद्यावर घेतली आणि टेकडीकडे चालायला लागल्या.

गुंड्या: मग आपण काय करायचं, दाजी?

दाजी: काय करायचं म्हणजे? उद्याची तालीम. चल त्यांच्या मागोमाग. आधी डावा. सावकाश.