सिग्नलला थांबल्यावर

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या पाळीची वाट बघत होतो. समोर मेकॅनिक एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता.

"धावताना ठीक असते हो. सिग्नलला थांबली की थरथरते, खडखडते."

"हा हवेचा पाइप चिरलाय, काका. कधीपासून होतंय?"

"महिना झाला असेल."

"छे! ही चीर दोन-तीन वर्षांची आहे. कडा बघा, काळ्या पडल्यात."

"मग मला ऐकू कसं आलं नाही?"

"गाणी लावत असाल."

"गाणी कसली! ही शेजारी असायची ना. तोंडाला खळ नसायची तिच्या."

"…बरं, बसवला नवीन पाइप. ऐका आता. गाडी चालू आहे हे कळतंय तरी का?"

"नाही."

"झालं तर मग!"

"जुनाच परत बसवता का?"