आपल्या कपाचं उत्तर

कॉलेजच्या कचेरीबाहेर बाकावर मायलेकी चहाचे कप घेऊन बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या एका निवृत्त मास्तरांचे डोळे मिटलेले होते, कान मात्र उघडे होते.

“आत गेल्यावर मुकाट्याने ‘गणित सोडते’ म्हणायचं. दोनदा नापास झालीस, पुरे झालं!”

“नाही सोडणार.”

“जीभ बघा हिची! चहा पी गुपचूप.”

“गरम आहे. आई, चहा आधी भराभर निवतो आणि मग रेंगाळतो, हो ना?”

“बरं, मग?”

“खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका वेगाने निवतो. हेच गणितात मांडलं की झालं अवकल समीकरण.”

“आणि त्यात सोडवायचं काय?”

“अमुक वेळाने चहा किती गरम असेल, ते शोधायचं.”

“एवढं कळतं, तर आपटलीस कशी?”

“कपात ओतला तेव्हा किती गरम होता, तेच धरायला विसरले. उत्तर जगातल्या सगळ्या कपांचं आलं, आपल्या कपाचं आलंच नाही.”

“वेंधळी कुठली!”

“वेंधळी आहे. ढ नाही.”

शिपाई दारात आला. “गणित सोडायला कोण आलंय?”

“कुणी नाही,” आई म्हणाली. “आम्ही चहा निवायची वाट बघतोय.”