कर उतरेपर्यंतचा एसी

एसीवरचा कर कमी झाला ना, तेव्हाची आमच्या घरची गंमत सांगते. सासूबाईंच्या खोलीत एसी बसवायचं ठरलं आणि नेमकी बातमी आली, महिनाभरात कर उतरणार.

"आई, तेवढं थांबू या. तीन-चार हजार वाचतील," आमचे हे म्हणाले.

"थांबते बाबा. चेन्नईच्या उकाड्यात वितळले, तर पातेल्यात भरून ठेवा."

मला काही ते बघवेना. मी त्यांना रोज दुपारी शेजारच्या कामाक्षी मामींच्या एसीत नेऊन बसवू लागले. मामींना मराठी येत नाही, सासूबाईंना तमिळ. तरी दोघी मिळून तमिळ मालिका बघायच्या, आणि मालिकेतल्या सुनेबद्दल त्यांचं एकमत असायचं.

कर उतरला, त्याच दिवशी एसी आला. ह्यांनी हौसेने खोली गार करून ठेवली. दोन वाजले, तशा सासूबाई चपला घालून निघाल्या.

"आई, कुठे? एसी बसवलाय ना!"

"एसी आहे रे, पण इथे मामी कुठे आहेत?"

ह्यांनी रिमोटने एसी बंद केला. मग मला हळूच म्हणाले, "अजून थोडं थांबलो असतो, तर सगळेच पैसे वाचले असते गं!"