बारावा भाग

—नाही, आधी बसा. उभ्याने विचारलं म्हणून उत्तर लवकर मिळतं असं थोडंच आहे? त्या खुर्चीवर नको, ती त्याची आहे. इकडे, या स्टुलावर. तर त्या चष्म्याच्या दुकानातल्या तुम्हीच. माझा मुलगा मागच्या खोलीत भिंगं घासतो आणि तुम्ही पुढे बसून गिऱ्हाइकांचे डोळे तपासता. ठाऊक आहे मला. तो मला सगळं सांगतो—चाळिशीला टेकला तरी सांगतो, यात हसण्यासारखं काय आहे? हल्ली तो तुमच्याकडे मान वर करून बघत नाही, डबासुद्धा मागेच खातो, आणि आपलं चुकलं काय ते तुम्हाला उमगत नाही. म्हणून तुम्ही त्याच्या आईच्या दारी आलात. बरं केलंत. तो माझी औषधं आणायला गेला आहे, येईलच. त्याच्याआधी तुम्ही गेलेलं बरं.

त्या मालिकांचं म्हणाल, तर—हो, ॲनिमे, ती जपानी कार्टून. शब्द येतो मला, म्हातारी आहे, खुळी नाही—तुम्ही त्याला सुचवलेल्या मालिका बघण्यासारख्याच होत्या, हे मी अमान्य करणार नाही. ते दोन गॅलऱ्यांत मिळून एकच दोरी असलेले शेजारी, रोज वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडणारे—मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. तो पोस्टमन, ज्याला नेमकं आवडत्या मुलीचंच कुत्रं चावतं—तीही बरी. मी टेकून बसायची आणि हा मला खालची अक्षरं वाचून दाखवायचा, बाईचा आवाज काढून बाईचं, बाप्याचा काढून बाप्याचं. अशा गोष्टींत एक पथ्य असतं, बघा: दोघांच्या मनातलं साऱ्या जगाला दिसतं, दिसत नाही ते फक्त त्या दोघांना. मलाही दिसलं हो. जेवताना पाण्याच्या भांड्याकडे बघून हसायचा मेला. समोर त्या चित्रांतली कुणी असती तर मी समजू शकले असते—त्या मुलींचे डोळे वाटीएवढे असतात. तुमचे, राग मानू नका, दुसऱ्यांचे तपासण्यातच संपलेले दिसतात.

आणि मग ती शेवटची, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीची. तो पोरगा स्टेशनावर मुद्दाम काहीतरी विसरतो—छत्री, डबा, एकदा तर पायातला बूट—कशासाठी, तर ते परत घ्यायला खिडकीशी जावं आणि आतली मुलगी दिसावी. ती बघून माझ्या मुलाला हिंमत आली. त्याने तुम्हाला विचारलं. सरळ, तोंडाने, जन्मात जमलं नव्हतं ते केलं त्याने. आणि तुम्ही काय म्हणालात? ‘त्या मालिकेचा शेवटचा भाग बघा, तेच माझं उत्तर.’ हो म्हणायला जीभ जड झाली होती का? एक अक्षर बोलल्या असतात तर माझे हात बांधले गेले असते. पण आमच्या घरात शेवटचा भाग बघत नाहीत, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार. त्याचे वडील अशाच एका बारा भागांच्या मालिकेचा अकरावा भाग बघून उठले, बारावा उद्या बघू म्हणाले, आणि त्यांचा उद्या उजाडलाच नाही. तेव्हापासून आम्ही अकरा बघतो आणि बारावा तसाच ठेवतो. व्रत म्हणा, खूळ म्हणा. मी आजवर एकही बारावा भाग पाहिलेला नाही. आणि त्यात तोटा काय? संतांनी तरी वेगळं काय सांगितलं—दाराशी डोळे लावून जन्म काढला आणि त्या वाट पाहण्यालाच भेट मानलं. तुम्हीही तेच करा. विरहाने मन निर्मळ होतं. नजरही सुधारेल.

काय म्हणता? मग त्याला उत्तर कळलं कसं? मी सांगितलं. ‘आई, या एकदा बघू या का?’ असं लहान मुलासारखं विचारलं त्याने. मी म्हटलं, कशाला, शेजारच्या नातीने मला सांगितलं आहे: मुलीची बदली होते, खिडकीला फळ्या ठोकतात, आणि तो पोरगा रिकाम्या हाताने घरी जातो. तो ‘बरं’ म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि माझ्या पायांना तेल चोळत बसला. वाईट वाटलं मला, दगड नाही मी. पण खरं सांगू, तोच शेवट शोभला असता. हे काय, त्या मुलीने पहिल्या दिवशी सापडलेल्या त्याच्या हातमोज्यांतला एक स्वतःच्या खिशात लपवायचा, त्याला परत परत यायला लावायचं, आणि शेवटी तो काउंटरवर ठेवून डोळ्यांत पाणी आणून—

असं काय बघता?

बरं. पाहिला. दुपारी, दार लावून, दोनदा पाहिला; दुसऱ्या वेळी पदर भिजला, हेही ऐका. आणि तेव्हाच मला कळलं की हे बघून तो या घरातून उठेल. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी अप्सरा असती तरी मी तेच सांगितलं असतं. त्याला कुणीच मिळायला नको आहे मला. मग संध्याकाळी ती अक्षरं कोण वाचणार, तुम्ही? झालं समाधान? उठा आता. आणि जिन्याने जा, लिफ्टने तो येईल.

रिमोट कशाला घेता? ठेवा खाली. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नसतो, एवढं आईने शिकवलं असेल. तुम्हाला नाही लावता येणार तो भाग—अहो, पुढे कशाला ढकलता? आधी तो पाऊस संपू दे, मग ती खिशात हात—बंद करा. लिफ्ट आली. हे बघा, मी सांगते त्याला, उद्या सांगते, माझ्या पद्धतीने. आवाज तरी कमी करा. किल्लीचा आवाज आहे हा. मुली, बंद कर गं ते, तुझ्या पाया—

आलास? मिळाली का रे औषधं?—तिकडे नको बघूस. इकडे बघ. बाळा, माझ्याकडे बघ.