सातव्या क्रमांकाची जागा

सन्माननीय अध्यक्ष आणि अधिष्ठाता डॉ. लेलँड, व्यासपीठावरील गुरुजन, सत्कारमूर्ती वर्ना सोबचाकबाई, त्यांचे यजमान स्टॅन, आणि मागच्या रांगेत फोनवर यादी वर-खाली करत बसलेल्या चौथ्या वर्षाच्या मुलामुलींनो,

वर्नाबाईंनी विद्यार्थी-कचेरीत एकतीस वर्षं काढली, आता त्या निवृत्त होतायत. त्यांच्याबद्दल गोड बोलणारे आज बरेच आहेत. मी एका दुपारबद्दल बोलते.

जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शेवटच्या वर्षी आम्ही रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी, रुग्णालयांची पसंतीक्रमाने यादी देतो, रुग्णालयं आमची देतात, आणि एक यंत्र जोड्या लावतं. त्याला आम्ही ‘मॅच’ म्हणतो. जिथे जोडी लागेल तिथे मुकाट्याने जायचं. या दिवसांत इथे टोलेडोत प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो, “तुझं होणारच गं!” माझ्या प्राध्यापकांनीही तेच म्हटलं. मला हाडांची शल्यचिकित्सा, म्हणजे ऑर्थो, हवी होती. निखळलेला खुबा जागेवर बसताना होणारा आवाज एकदा ऐकला होता. त्यानंतर दुसरं काही नकोच झालं.

वर्नाबाईंनी मला समोर बसवलं.

“टॅकेट, खरं ऐकायचंय की गोड?”

“खरं.”

“परीक्षेत दोनशे चौदा. ऑर्थोच्या मुलाखती सहा. तुझ्यासारख्या दहांपैकी चौघांना जागा मिळते.”

“म्हणजे सहा जणांना नाही.”

“गणित बरं आहे की तुझं! मग दोनशे चौदाच कसे?”

मी हसले नाही. घरी जाऊन यादी नव्याने लिहिली. फॅमिली डॉक्टरकीच्या एका छोट्या रुग्णालयाने “या, आम्हाला आवडाल” असं कळवलं होतं. ते मी सर्वांत वर टाकलं. ऑर्थोच्या सहा जागा त्याच्या खाली.

यादी बंद होण्याच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, वर्नाबाईंनी ती पाहिली.

“हे वर काय करतंय?”

“तिथे नक्की मिळेल.”

“मग तेच मिळणार! खालच्या सहा काय शोभेला ठेवल्यास?”

“पण ऑर्थो हुकली आणि तोवर हीसुद्धा गेली तर?”

“जात नाही गं. यंत्र वरून खाली येतं. सहाही ठिकाणी नकार मिळाला, तरी सातव्या जागेवर तुझा हक्क तेवढाच, पहिली लिहिली असतीस तेवढाच. तू घाबरलीयस हे यंत्राला कळत नाही. मला कळतं.”

“आणि सहाही ठिकाणी नाही म्हणाले तर?”

“तर नाही म्हणाले. ते त्यांना म्हणू दे. त्यांच्या आधी तू कशाला म्हणतेस?”

मी ओठ चावत क्रम बदलला. इतकी साधी गोष्ट, पण बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले होते, ते वर्नाबाईच सांगतील.

सोमवारी निरोप आला, जागा मिळाली. कुठली, ते शुक्रवारी कळणार. ते चार दिवस आईने मला आवडतं ते सगळं करून वाढलं. मी ताट बाजूला सरकवत राहिले. शुक्रवारी दुपारी याच सभागृहात मी पाकीट फोडलं.

सातवी जागा.

आजूबाजूला किंकाळ्या, मिठ्या, फोटो. वर्नाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. ‘होतं ते बऱ्यासाठीच’ असं म्हणाल्या असत्या, तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं.

“वाईट वाटतंय?”

“हो.”

“वाटू दे,” म्हणाल्या, आणि माझा कोट हातात धरून शेजारी उभ्या राहिल्या.

दहांतल्या त्या सहा जणांना सत्काराच्या भाषणांना सहसा कुणी बोलावत नाही. मी त्यांच्यातली एक. एकोणीस वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. काम आवडायला वेळ लागला, आता आवडतं. खुबा मोडलेली आजी आली की तिला दुसऱ्याकडे पाठवावं लागतं आणि आजही क्षणभर आत काहीतरी हलतं. मग तेवढंच. ‘मागितलं असतं तर मिळालं असतं का?’ हा प्रश्न मात्र मला कधी छळत नाही. मी मागितलं होतं. सहा दारं वाजवली, सहाही उघडली नाहीत, आणि ती बंद करणारी मी नव्हते.

मुलांनो, तुमची यादी येत्या बुधवारी बंद होतेय. वर्नाबाई शुक्रवारपर्यंत कचेरीत आहेत. जेवण झालं की त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि खरं विचारा.

वर्नाबाई, आभार मानायला मी एकोणीस वर्षं लावली. अध्यक्षमहाराज, मला पाच मिनिटं दिली होतीत, जास्त घेतली. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. नमस्कार.