जुन्या गाडीचे पॉइंट

स्पेअर पार्टच्या दुकानात वायपर घ्यायला आलेल्या माणसाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अहो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका. इंजिनात ठिणगी पाडणारे ते पॉइंट घासायची कटकट कायमची संपेल."

"अगं, जुन्या गाडीला जुनंच शोभतं."

"शोभतंय! दर महिन्याला बंद पडते, की लगेच मुलाला फोन."

"येतो ना पण तो? हातातलं काम टाकून येतो."

"येणारच. काल बॉनेट उघडून पॉइंटचा स्क्रू कोण ढिला करत होतं, पाहिलंय मी."

म्हातारबुवा वायपरवाल्याकडे बघून उगाचच खाकरले.

"बोला काका, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"साधे पॉइंटच द्या," आजीबाईच बोलल्या. "आणि अहो, या खेपेला महिनाभर थांबू नका."